दार बदलतं, पण कोणाच्या हुकमावरून?

पीएचडीच्या मुलाखतीत "तुम्हाला आवडलेला एक पेपर सांगा" हा प्रश्न बऱ्याचदा येतो. त्या तयारीसाठी आज एक पेपर तपासूया. पॉल जार्विस यांच्या गटाचा हा पेपर २०१२ साली 'सायन्स'मध्ये आला.

आधी थोडी पार्श्वभूमी. अंधारात उगवलेल्या रोपाच्या पानांमधलं प्लास्टिड म्हणजे इटिओप्लास्ट. उजेड मिळाला की त्याचं हरितलवक होऊ लागतं. त्यासाठी लागणारी बहुतेक प्रथिनं पेशीद्रवात तयार होतात आणि दोन पटलं ओलांडून आत येतात. बाह्यपटलावरचं दार म्हणजे टॉक संकुल. टॉक१५९ आणि टॉक३३ आलेलं प्रथिन ओळखतात, टॉक७५ त्याला वाट देतं. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत हे दार कायमचं बसवल्यासारखं दिसतं.

या पेपरने ते चित्र बदललं. टॉक३३ नसलेली अ‍ॅराबिडॉप्सिसची रोपं फिकट असतात. आणखी कोणतं जनुक बिघडलं तर ती पुन्हा हिरवी होतात, हे शोधताना एसपी१ सापडलं. हे बाह्यपटलातलं ई३ लायगेज आहे. ते टॉक प्रथिनांना युबिक्विटिन जोडतं आणि मग प्रोटिएसोम त्यांची विल्हेवाट लावतो. जनुकशास्त्र आणि जैवरसायन दोन्ही एकाच उत्तरापाशी येतात, ही पेपरची खरी ताकद.

आता शीर्षकातल्या 'नियंत्रण' या शब्दापाशी थांबा. एसपी१ नसलेली रोपं अंधारातून उजेडात आणली की नीट हिरवी होत नाहीत, आणि एसपी१ वाढवलं की उलट घडतं. म्हणजे एसपी१ची मात्रा महत्त्वाची, हे पटतं. पण उजेड लागल्यावर रोप स्वतः एसपी१चं काम वाढवतं का? हा प्रश्न वेगळा आहे. नळ बंद केला की पाणी थांबतं, पण त्यावरून रोज सकाळी नळ कोण सोडतं हे कळत नाही. शिवाय हिरवेपणा हे साखळीचं शेवटचं टोक. कोणतं प्रथिन कधी आत गेलं, हे त्यावरून समजत नाही.

पटलात रुतलेलं टॉक७५ बाहेर ओढतं कोण, हाही प्रश्न उरलाच होता. त्याचं उत्तर याच गटाने २०१९ मध्ये दिलं: एसपी२ आणि सीडीसी४८.

तेव्हा मुलाखतीत 'गरज' आणि 'नियंत्रण' वेगळे करून सांगा. आणि पुढचा प्रयोगही सुचवा: उजेड दिल्यानंतर दर काही तासांनी टॉक प्रथिनांवरचं युबिक्विटिन मोजायचं.