नारळीकरांचे विश्व आणि आपली श्रद्धा

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. त्यानंतरचे ९४वे संमेलन डिसेंबर २०२१ मध्ये नाशिक येथे झाले आणि त्याच्या अध्यक्षपदी डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांची निवड झाली. मराठी सारस्वताने एका कॅथलिक धर्मगुरूला आणि एका खगोलशास्त्रज्ञाला लागोपाठ हा मान द्यावा, हा योग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो. आज दोघेही आपल्यात नाहीत. फादर जुलै २०२४ मध्ये गेले, नारळीकर २० मे २०२५ रोजी.

फादरांची पुस्तके आपल्या घरांत आहेत. नारळीकरांची पुस्तके मात्र आपल्यापैकी पुष्कळजण थोडे बिचकतच हाती घेतात. ‘विश्वाला आरंभच नाही असे म्हणणारे ते गृहस्थ’, एवढीच त्यांची ओळख आपल्या कानांवर आलेली असते. मग धर्मशिक्षणाच्या वर्गातून आलेले मूल विचारते, ‘नारळीकर बरोबर असतील तर उत्पत्तीचे पुस्तक चुकीचे का?’ या प्रश्नाला ‘गप्प बैस’ हे उत्तर नव्हे. म्हणूनच नारळीकरांच्या लेखनाकडे आम्ही येथे जरा निरखून पाहणार आहोत.

‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ही चार नगरे म्हणजे बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. शेवटच्या दोन नगरांना जोडणाऱ्या रस्त्यावर आपले पनवेल आहे. नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरचा. पण बालपण गेले बनारसला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तेथील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते, आई सुमती संस्कृतच्या जाणकार. घरच्या फळ्यावर मामा मोरेश्वर हुजूरबाजार जयंतासाठी एखादे आव्हानात्मक गणित लिहून ठेवीत आणि ते सुटेपर्यंत मुलाला चैन पडत नसे. आम्हांला हा प्रसंग साऱ्या ग्रंथाची किल्ली वाटतो. १९५९ मध्ये केंब्रिजला रँग्लर झालेला, १९६३ मध्ये फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविणारा हा संशोधक पुढे विश्वाकडेही फळ्यावरचे गणित म्हणूनच पाहत राहिला.

या वृत्तीचे गुण आणि दोष दोन्ही ग्रंथात उतरले आहेत. निवेदन स्वच्छ आहे, आत्मस्तुतीचा दर्प कोठे नाही. १९७२ मध्ये केंब्रिज सोडून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत येणे, १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ या संस्थेची उभारणी हाती घेणे, असे आयुष्याची दिशा बदलणारे निर्णय ते शांतपणे सांगतात. परंतु मनाची घालमेल शोधू जाल तर फारशी सापडत नाही. दुःख, संशय, एकाकीपणा यांच्या दाराशी लेखक येतो आणि सभ्यपणे मागे वळतो. आत्मचरित्राकडून आमची अपेक्षा याहून थोडी अधिक होती.

त्यांच्या कथांचेही असेच आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली आणि ती पहिली आली. आपल्या नावाचे वजन कथेला मिळू नये, हा त्यातला प्रांजळपणा लक्षात घेण्याजोगा आहे. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत एक इतिहासाचा प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात जातो, जेथे मराठे पानिपत जिंकलेले आहेत. एक गृहीत बदलले की निष्कर्षांची साखळी कशी बदलते, ही गणितज्ञाची रीत येथे कथेची रीत होते. मात्र पात्रे बहुधा गृहीतांसारखीच वागतात. त्यांना घाम फुटत नाही. शेवटी कोणी तरी जाणकार येऊन विज्ञान समजावून देतो, तेव्हा कथा वर्गात जाऊन बसते. तरीही मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे, हे निर्विवाद.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. १९६४ मध्ये हॉईल आणि नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. कोणत्याही कणाचे वस्तुमान हे त्याच्या एकट्याचे नसून विश्वातील इतर साऱ्या द्रव्याच्या प्रभावातून येते, हा त्याचा गाभा. विश्वाचा आरंभ एका महास्फोटात झाला, हे मत दोघांनाही मान्य नव्हते. नारळीकरांचा आक्षेप गणिती शिस्तीचा होता: आरंभाच्या त्या क्षणी समीकरणेच कोलमडतात, मग त्याला विज्ञानाचे उत्तर कसे म्हणावे? १९६५ मध्ये विश्वातील सूक्ष्मलहरींच्या प्रारणाचा शोध जाहीर झाला आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला झुकले. नारळीकरांनी १९९३ मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह सुधारित पर्याय मांडला. त्यालाही बहुसंख्यांची मान्यता मिळाली नाही. अल्पमतात राहूनही ते कडवट झाले नाहीत.

विश्व एका आदिम अणूपासून विस्तारत गेले, ही कल्पना १९३१ मध्ये मांडणारे शास्त्रज्ञ म्हणजे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू जॉर्ज लमेत्र. १९२३ मध्ये दीक्षा घेऊन ते केंब्रिजला एडिंग्टन यांच्याकडे शिकायला गेले. त्यानंतर काही वर्षांनी त्याच एडिंग्टन यांच्याकडे नारळीकरांचे वडीलही शिकले. म्हणजे महास्फोट मांडणारा धर्मगुरू आणि तो नाकारणाऱ्याचा पिता एकाच गुरूचे शिष्य! तेव्हा लमेत्र आपले आणि नारळीकर परके, असे म्हणण्याचा मोह होतो.

लमेत्र यांनी मात्र हा मोह टाळला. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी आधुनिक विज्ञान आदिनिर्मितीची साक्ष देत आहे, अशा आशयाचे भाषण केले, तेव्हा ते अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नाच्या कक्षेबाहेर आहे, असे त्यांचे मत होते. श्रद्धा सिद्धांताच्या टेकूवर उभी केली आणि उद्या सिद्धांत बदलला, तर श्रद्धेचे काय?

त्यांच्याही पूर्वी, तेराव्या शतकात, संत थॉमस अक्वायनस यांनी सांगून ठेवले आहे की, जगाला काळात आरंभ होता हे आपण श्रद्धेने मानतो. तर्काने ते सिद्ध करता येत नाही. निर्मिती म्हणजे केवळ पहिला क्षण नव्हे, तर प्रत्येक क्षणी परमेश्वरावर असलेले साऱ्या अस्तित्वाचे अवलंबन. दिवा अनादी काळापासून तेवत असता, तरी प्रकाश दिव्याचाच म्हणावा लागला असता. म्हणून वर्गातल्या त्या मुलाला आमचे उत्तर असे: विश्वाचे वय हा शास्त्रज्ञांचा प्रश्न आहे, नारळीकर त्यात चुकले असतील वा नसतील, विश्व मुळात आहेच का आणि कोणाच्या आधारावर, हा उत्पत्तीच्या पुस्तकाचा प्रश्न आहे.

नारळीकरांकडून आपण एक कानउघाडणीही करून घ्यावी. २००८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची चाचणी घेतली. प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या देऊन त्या हुशार मुलांच्या की मतिमंद मुलांच्या, हे ओळखण्यास सांगितले. २७ ज्योतिषांची उत्तरे आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणे उडवून याहून कमी मिळाले नसते! ख्रिस्तसभाही ज्योतिषाचा निषेध करते. तरी आपल्यातल्या किती घरांत रविवारच्या मिस्सेला जाण्यापूर्वी वर्तमानपत्रातले राशिभविष्य चोरून वाचले जाते? निरीश्वर युक्तिवादापेक्षा ही चोरटी भीतीच श्रद्धेला अधिक पोखरते, असे आम्हांला वाटते.

आत्मचरित्रातला तो फळा आम्हांला पुन्हा आठवतो. त्यावरचे गणित मुलाने भिऊन पुसून टाकले नाही. सुटेपर्यंत तो त्याच्यासमोर उभा राहिला. आपल्या मुलांनी नारळीकर वाचावेत, प्रश्न विचारावेत आणि आपण त्यांच्या शेजारी बसून उत्तर शोधावे. परमेश्वराने दिलेल्या बुद्धीचा वापर केल्याने त्याचा अवमान होत नाही.