नावे, जमा आणि शक्तिमान

समीक्षा हा पूर्वी प्राध्यापकांचा जोडधंदा होता. त्यांनी तिसऱ्या रांगेत बसून नाटक पाहावं, दुसऱ्या अंकात एक डुलकी काढावी आणि पुढच्या रविवारी पेपरात त्या डुलकीवर दीड कॉलम लिहावा. आपण बाकीचे लोक नाटक सुटल्यावर 'बरं होतं' किंवा 'पैसे गेले' एवढंच म्हणून शेवटची गाडी पकडायचो. आता तसं राहिलेलं नाही. मोबाइलवर महिन्याचा रिचार्ज मारला, की त्याबरोबर समीक्षकाची सनद फुकट मिळते.

आमच्या वळ गावात तर गोदामांच्या खालोखाल समीक्षा हाच मोठा उद्योग आहे. वळ म्हणजे भिवंडी तालुक्यातलं. पाठीवर उठतो तो वळ निराळा, जरी इथल्या रस्त्यावरून रिक्षाने गेल्यावर दोन्हींतला फरक सांगणं कठीण होतं. गावातली जुनी माणसं आगरी बोलीत 'ळ'चा 'ल' करून 'वल' म्हणतात. इंग्रजी पाटीवर तर 'ळ'ला जागाच नाही. इथे पूर्वी भात पिकायचा. आता पत्र्याची गोदामं पिकतात. या गोदामांच्या समोर चहाच्या टपऱ्या आहेत, आणि तिथे ट्रक भरायची वाट बघणारे ड्रायव्हर, पाळी संपलेले हमाल, पाळी सुरू व्हायची असलेले सिक्युरिटीवाले आणि शेअर रिक्षात चौथ्या माणसाची वाट बघणारा मी, असे सगळे एकत्र येतो. ट्रक भरायला चार तास लागले, की ड्रायव्हरचे मालिकेचे चार भाग होतात. पाचव्या तासाला तो मत देतो.

या मतांवरून माणसांचे तीन पंथ पडतात, असं मी बँकेत वर्षानुवर्षं रकाने भरल्याच्या अनुभवाने सांगू शकतो.

पहिला शक्तिमानपंथ. या पंथात चाळिशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारी मंडळी येतात. १९९७ साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाला, तो २००५ पर्यंत चालला. मुकेश खन्ना गोल गोल फिरायचे आणि घरोघरची मुलं त्यांच्याबरोबर फिरून कपाटावर आपटायची. तमराज किल्विष 'अंधेरा कायम रहे' म्हणायचा, आणि त्या काळी भिवंडीत वीज अशी काही जायची, की किल्विषचा इथे एखादा एजंट असावा अशी शंका येई. मला स्वतःला त्यातला गंगाधर जवळचा वाटायचा. दात पुढे, डोळ्यांवर जाड चष्मा, पेपरात फोटोग्राफरची नोकरी, आणि पूर्ण नाव पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. हा गृहस्थ जगाला वाचवू शकला, पण आमच्या बँकेत त्याचं खातं उघडलं नसतं. खातं उघडायच्या फॉर्मवर नावासाठी जेवढे चौकोन असतात, त्यांत तो मायाधरापर्यंत जेमतेम पोचला असता.

दुसरा काळोखपंथ. यात माझा पुतण्या आणि त्याच्या वयाची झाडून सगळी पोरं. यांना चांगला माणूस चालत नाही. नायक निदान दारू पिणारा तरी हवा. त्याने आधी एकदोन माणसं मारलेली असली तर फारच उत्तम. पुतण्या मला म्हणाला, "काका, तुमचा शक्तिमान म्हणजे मूल्यशिक्षणाचा तास. भाग संपला, की वर दात घासा आणि मोठ्यांचं ऐका. जग तसं नसतं."

"मग कसं असतं?"

"'द बॉइज' बघा. त्यात हिरोच नालायक आहेत."

तिसरा पंथ घरातल्या टीव्हीपुढचा. याचं मुख्य पीठ समोरच्या वहिनींकडे. 'देवमाणूस' मालिका २०२० साली झी मराठीवर सुरू झाली तेव्हा रात्री साडेदहाला आमच्या मजल्यावर गॅसवर दूध ठेवायची कुणाची हिंमत नव्हती. गावात देवमाणूस म्हणून मिरवणारा बोगस डॉक्टर, त्याचं ते गोड हसणं आणि मग एकेकाचा काटा. दुसऱ्या दिवशी वहिनी जिन्यात गाठायच्या. "भावजी, पुढचा नंबर कुणाचा ते मी तीन भाग आधीच सांगितलं होतं! मेला काय साळसूदपणे बघतो हो! पण काम बाकी छान करतो." त्यातलं 'मेला' डॉक्टरसाठी आणि 'काम' किरण गायकवाडसाठी. अर्थात दोन्हींमध्ये सीमारेषा कुठे होती ते वहिनींनाही सांगता आलं नसतं.

आता हे तीन पंथ एका टपरीवर किंवा एका जिन्यात आले, की जे होतं त्याला वर्तमानपत्रात चर्चासत्र म्हणतात. शक्तिमानवाले म्हणतात, हल्लीच्या मालिका मुलांना बिघडवतात. काळोखवाले म्हणतात, तुमच्या मालिका मुलांना बावळट करतात. वहिनी म्हणतात, सरू आजीच्या म्हणी मात्र झकास होत्या. चहावाला म्हणतो, "कप कोणी फोरला?" आणि सत्र तहकूब होतं.

मी कॉमर्सचा पदवीधर. साहित्य मला परीक्षेला नव्हतं. पण कॉमर्सने एक गोष्ट पक्की शिकवली, ती म्हणजे दुहेरी नोंद. एका बाजूला नावे पडलं, की दुसऱ्या बाजूला जमा पडलंच पाहिजे. नाहीतर संध्याकाळी घरी जाता येत नाही. दहा रुपयांचा फरक असला तरी शाखा बसून राहते. मला वाटतं, मालिका चांगली का वाईट हे तिच्यात उजेड किती आणि काळोख किती यावर ठरवू नये. तिचा हिशेब जुळतो का, ते बघावं. कथेत एक माणूस मेला, ही नावेची नोंद. त्याच्या समोर कुणाचं तरी रडणं, कुणाचा तरी राग, कुणाचं तरी मोडलेलं घर लागलंच पाहिजे. ते लागलं नाही, तर मालिका टॅली झाली नाही असं खुशाल समजावं.

हा दाखला लावून बघा. 'सीआयडी' १९९८ साली सुरू झाली आणि २०१८ पर्यंत वीस वर्षं चालली, पुढे २०२४ च्या डिसेंबरात परत आली. तिची टिंगल सगळ्यांनी केली. दयाने तोडलेल्या दरवाजांत आमच्या गावाची सगळी गोदामं बंद करता आली असती. पण त्या मालिकेचा एक गुण कुणी सांगत नाही. सकाळी प्रेत सापडलं, तर भाग संपेपर्यंत त्याची नोंद पुरी व्हायची. कोण मेला, का मेला, कुणी मारला, कॅश बंद. एसीपी प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम नट होण्याआधी बँकेत कॅशियर होते, हे मला कळलं तेव्हा अजिबात आश्चर्य वाटलं नाही. दिवसाचा हिशेब दिवसा मिटवणं हे त्यांच्या अंगातच होतं.

'रात्रीस खेळ चाले'चं तसंच. २०१६ साली आलेली ही कोकणातल्या वाड्याची गोष्ट पुढे आणखी दोन पर्वं चालली. अण्णा नाईकांएवढा काळा माणूस मराठी मालिकेत क्वचित झाला असेल, आणि लोकांनी त्यांना डोक्यावरही घेतलं. पण त्या वाड्यात मेलेला माणूस जात नाही. तो माडाखाली उभा राहतो. भूत म्हणजे दुसरं काय असतं? न मिटलेली नोंद. कोकणी माणूस हिशेबाला पक्का असतो, तो मेल्यावरसुद्धा येणं सोडत नाही.

आणि पुतण्याची ती 'द बॉइज'? बघितली. एका हाताने डोळे झाकून, पण बघितली. पहिल्याच भागात सुसाट धावणारा एक महानायक रस्त्यात उभ्या असलेल्या मुलीच्या अंगातून आरपार जातो. तिच्या मित्राच्या हातात फक्त तिचे हात उरतात. मग कंपनीचा माणूस भरपाईची रक्कम आणि तोंड बंद ठेवायचा कागद घेऊन येतो. तो मुलगा सही करत नाही, आणि पुढची सगळी मालिका त्या न केलेल्या सहीवर उभी राहते. मी पुतण्याला म्हणालो, "अरे, तुझी मालिका काळोखी नाहीच. हिशेबाला शक्तिमानाहून कडक आहे." त्याला ही स्तुती फारशी आवडली नाही.

खुद्द शक्तिमानाच्या वहीत मात्र एक खोट आहे, हे पंथाचा सभासद असूनही सांगितलं पाहिजे. त्याच्याकडे सगळं जमाच जमा. तो वाचवतो, उडतो, पुन्हा ताजातवाना. वाचवायला काही लागतच नाही असं मुलांना वाटलं. 'शक्तिमान येईल' म्हणून मुलांनी जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या तेव्हा पेपरांत आल्या आणि खन्नांना पडद्यावरून मुलांना समजवावं लागलं. पुतण्या ज्याला मूल्यशिक्षणाचा तास म्हणतो, तो मला उशिरा केलेला जमाखर्च वाटतो.

राहिला 'देवमाणूस'. या मालिकेची नाळ लोक वाईजवळच्या धोमला २०१६ साली उघडकीला आलेल्या प्रकरणाशी जोडत होते. तिथे डॉक्टर म्हणवणाऱ्या एका माणसावर सहा खुनांचा आरोप ठेवला गेला. मालिकेत पोलीस डॉक्टरच्या मागे लागतात, हे खरं. पण जिन्यातली चर्चा काय होती? पुढचा नंबर कुणाचा. मागचा नंबर कुणाचा होता, हे मी एकदा वहिनींना विचारलं. त्या थोडा वेळ आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, ती नाही का... ती हो... हिरव्या साडीतली."

इथे वहिनींचा दोष नाही. ज्या माणसाची नोंद लेखकानेच ठेवली नाही, त्याला प्रेक्षकाने कुठे शोधावं? आम्ही बँकवाले या बाबतीत फार जुनाट. मेलेल्या माणसाचं खातं आमच्याकडे आपोआप बंद होत नाही. कुणीतरी यावं लागतं. पिशवीतून पासबुक काढावं लागतं, मृत्यूचा दाखला जोडावा लागतो, सही करावी लागते. पुष्कळदा ती सही करणाऱ्या बाईने आयुष्यात पहिल्यांदाच बँक पाहिलेली असते. दहा वर्षं कुणीच आलं नाही, तर ते पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. पण त्यानंतरही वारस उगवला, तर त्याला ते परत मिळतात. बँकेसारखी अरसिक संस्था माणसाला इतका वेळ विसरत नाही. मालिका दोन जाहिरातींत विसरते.

हे सगळं मी इतक्या आग्रहाने सांगतो आहे, त्याला आमचं गाव कारण आहे. २९ एप्रिल २०२३, शनिवार. भरदुपारी इथे वळपाड्यात एक इमारत कोसळली. खाली गोदाम, वर राहती घरं. उन्हाळ्याची दुपार, घरात बायकामुलं, गोदामात कामाला आलेली माणसं. एनडीआरएफचे जवान आले, ठाण्याचं आपत्ती पथक आलं, अग्निशमन दल आलं. जेसीबी, कटर, वास घेणारे कुत्रे. दुसऱ्या दिवशी सकाळी ढिगाऱ्याखालून एक माणूस जिवंत निघाला. शोध जवळजवळ दोन दिवस चालला. आठ माणसं गेली. वारसांना पाच-पाच लाख जाहीर झाले.

त्या दिवसांत टपरीवर पंथ नव्हते. कुणी 'पुढचा नंबर' म्हणालं नाही. काळोखपंथातली पोरं पाण्याच्या बाटल्या पोचवत होती. स्लॅबखाली रात्रभर पडलेला तो माणूस कुणाची तरी वाट बघत असणार, आणि येणारे आले. ते उडत आले नाहीत. हेल्मेट घालून, रस्त्याच्या खड्ड्यांतून, ट्रकांच्या रांगेतून वाट काढत आले, आणि आठ वेळा त्यांना उशीर झाला. वाचवायला काय लागतं, ते ज्याला मालिकेत दाखवायचं असेल त्याने त्यांचे हात दाखवावेत. आणि मरण काय असतं ते दाखवायचं असेल, तर आठजणांपैकी एकाच्या घरातली दुसऱ्या महिन्यातली संध्याकाळ दाखवावी. त्याहून काळोखी मालिका निघायची नाही.

टपरी पुन्हा बोलू लागली, हे सांगायला नको. माणसांना गोष्टी लागतात, आणि गोष्टींत खून लागतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पुतण्याच्या शिफारशी मी हल्ली न कुरकुरता बघतो. फक्त कोणी 'जबरदस्त आहे, सोडू नका' म्हणालं, की मी त्याला विचारतो, "त्यात मेलेल्यांपैकी दोघांची नावं सांग."

सांगितली, तर मालिका बघतो. नाही सांगता आली, तर झोपतो. सकाळी साडेनऊला कॅश उघडायची असते.

मात्र परवा वहिनींनीच मला जिन्यात अडवलं. नवीन कुठली तरी मालिका धरली होती. "भावजी, काल जी गेली ना," त्या म्हणाल्या, "तिच्या मुलाचं पुढे काय झालं, ते दाखवलंच नाही हो. मला काही झोप लागली नाही."

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही बँकेत यायला हवं होतं."