चुकीच्या पत्त्यावर गेलेलं पार्सल

२०१९च्या एप्रिलमध्ये 'ॲव्हेंजर्स: एण्डगेम' आला तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. सबमिशन्स डोक्यावर होती, तरी आम्ही सातजण पहिल्याच रविवारी जाऊन आलो. शेवटच्या लढाईत एकटा उभा असलेला कॅप्टन अमेरिका, मग त्याच्या मागे एकेक करून उघडणारी दारं, त्यातून बाहेर येणारे सगळे, आणि मग तो एक शब्द. थिएटरमध्ये इतक्या शिट्ट्या वाजल्या की 'असेम्बल' आम्हाला धड ऐकूच आला नाही. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांच्या डोक्यात सुपरहिरोंची 'टीम' म्हणजे तो शॉट आहे. सगळे आधीपासूनच महान, सगळे वेळेवर हजर, आणि कुणाचं बोलावणं कुणाला गेलं याबद्दल काहीही घोळ नाही.

नंतर मी मूळ कॉमिक्स वाचायला लागलो आणि लक्षात आलं की ॲव्हेंजर्सची सुरुवातच घोळातून झालेली आहे. गेल्या वर्षभरात मी 'द अल्टिमेट्स' ही मार्व्हलची नवी मालिका वाचली. तिचा लेखक डेनिझ कॅम्प आणि चित्रकार हुआन फ्रिजेरी. पहिला अंक जून २०२४चा. ही मालिका चांगली का वाटली याचं उत्तर मला नव्या अंकांपेक्षा साठ वर्षं जुन्या अंकांमध्ये सापडलं. आणि ती कुठे कमी पडते, हेही तिथेच कळलं. (पुढे थोडं कथानक उघड होणार आहे. ज्यांना कोरं वाचायचंय त्यांनी आधी मालिका वाचून यावं.)

आधी जुना घोळ सांगतो. 'द ॲव्हेंजर्स'चा पहिला अंक सप्टेंबर १९६३चा, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचा. लोकीला थॉरचा सूड घ्यायचाय, म्हणून तो हल्कवर खोटा आळ येईल अशी व्यवस्था करतो. हल्कचा तरुण मित्र रिक जोन्स रेडिओवरून मदत मागतो, पण ॲव्हेंजर्सकडे नाही, कारण ते अजून अस्तित्वातच नाहीत. त्याला हवे असतात फँटास्टिक फोर. लोकी तो संदेश मधल्या मध्ये वळवतो आणि थॉरपर्यंत पोचवतो. पण तोच संदेश आयर्न मॅनलाही मिळतो, अँट-मॅन आणि वास्पलाही मिळतो. म्हणजे रिकनं एकाला पाठवलेला मेसेज लोकीनं दुसऱ्याला फॉरवर्ड केला आणि तो नको त्या सगळ्यांना गेला. माझ्या रोजच्या कामात याला बग म्हणतात आणि रात्री जागून तो दुरुस्त करावा लागतो. इथे त्या बगमधून एक टीम तयार झाली. हल्क तोवर एका सर्कशीत यंत्रमानव बनून लपलेला असतो. शेवटी सगळ्या गैरसमजांचा उलगडा होतो, वास्प नाव सुचवते, आणि दुसऱ्याच अंकात हल्क भांडून निघूनही जातो.

ही कथा आज वाचताना थोडी बाळबोध वाटते. पण तिच्यात एक गोष्ट पक्की आहे: या लोकांना कुणीही 'निवडलेलं' नाही. ते चुकून एकत्र आलेत.

त्यानंतरचा माझा सगळ्यात आवडता अंक सोळावा, मे १९६५चा. संस्थापक मंडळी रजेवर जातात आणि कॅप्टन अमेरिकाच्या पदरात कोण पडतं? हॉकआय, वाँडा आणि तिचा भाऊ पिएत्रो. तिघंही आधीचे गुन्हेगार. वाँडा आणि पिएत्रो मॅग्नेटोच्या टोळीतले. हॉकआय तर १९६४मध्ये आयर्न मॅनचा शत्रू म्हणूनच पहिल्यांदा आला होता. जत्रेत तिरंदाजीचे खेळ करणारा हा माणूस, आयर्न मॅनला मिळणाऱ्या टाळ्यांवर जळून हिरो व्हायला निघतो आणि पहिल्याच रात्री पोलीस त्याला चोर समजतात. आता हा माणूस ॲव्हेंजर! थॉरच्या हातोड्याच्या जागी धनुष्यबाण. ज्यांनी दोन वर्षं थॉर आणि आयर्न मॅन वाचले होते त्यांना केवढा धक्का बसला असेल. पण पुढचे अंक मजेदार झाले ते याच माणसांमुळे. हॉकआय प्रत्येक गोष्टीत कॅप्टनशी वाद घालतो, पिएत्रो कुणाचंच ऐकत नाही, आणि कॅप्टनला स्वतःलाच खात्री नसते की आपण हे सगळं का करतोय.

मधला एक थांबा घेतल्याशिवाय नव्या मालिकेकडे जाता येत नाही, कारण तिनं नाव तिथून घेतलंय. २००२ साली मार्क मिलर आणि ब्रायन हिच यांनी पहिली 'द अल्टिमेट्स' काढली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरची अमेरिका तिच्या पानापानावर दिसते. इथे टीम हे सरकारी खातं आहे. निक फ्युरी प्रमुख, मोठं बजेट, मोठं मुख्यालय, प्रसिद्धी सांभाळणारी माणसं. फक्त लढायला कुणी शत्रूच नाही. शेवटी ब्रूस बॅनर स्वतःलाच हल्क करून घेतो आणि न्यूयॉर्कमध्ये शेकडो माणसं मरतात. हँक पिम बायकोला मारहाण करतो आणि वाचकाला त्यातून सुटका मिळत नाही. २०१२च्या सिनेमानं बरंच काही या कॉमिकमधून उचललं. फ्युरीचा चेहरासुद्धा सॅम्युअल जॅक्सनवरूनच काढलेला होता, भूमिका त्याला नंतर मिळाली. मला ही मालिका हुशार वाटते, पण जवळची वाटत नाही. तिच्यातला प्रत्येकजण नोकरीवर आहे. १९६३मध्ये चुकून जमलेली माणसं इथे एचआरनं भरती केलेली वाटतात.

आता २०२४. जुन्या अल्टिमेट विश्वातला रीड रिचर्ड्स, जो 'मेकर' नावाचा खलनायक झालाय, तो एका दुसऱ्या जगाचा भूतकाळ बदलतो. जिथे जिथे कुणी हिरो होणार होतं, तिथे आधीच जाऊन ती घटना होऊ देत नाही. पीटर पार्करला कोळी चावतच नाही. कॅप्टन अमेरिका बर्फातून बाहेर येतच नाही. मग हे जग मेकर आणि त्याचे साथीदार आपसात वाटून घेतात. मेकर सध्या अडकून पडलाय, पण तो परत येणार आहे, आणि मालिकेत काळ आपल्यासारखाच पुढे सरकतो: अंकागणिक एक महिना. तरुण टोनी स्टार्क, आणि याच जगातला रीड रिचर्ड्स, ज्याला छळून मेकरनं 'डूम' बनवलंय, हे दोघं ठरवतात की जे हिरो झाले असते त्यांना शोधायचं आणि त्यांची शक्ती, त्यांचं साहित्य त्यांच्यापर्यंत पोचवायचं. म्हणजे थोडक्यात, पार्सल पाठवायचं.

इथपर्यंतची कल्पना मला थोडी खटकली होती. 'तू मुळात मोठा होणार होतास, तुझ्यावर अन्याय झाला', हे ऐकायला कुणालाही गोड वाटतं. पण मग तिसऱ्या आणि पाचव्या अंकात कॅम्पनं स्वतःच त्या कल्पनेला सुरुंग लावला.

तिसरा अंक शी-हल्कचा. जुन्या कथेत, म्हणजे १९६२च्या पहिल्या 'हल्क'मध्ये, गॅमा बॉम्बची चाचणी वाळवंटात होते. बॉम्ब तयार करणारा शास्त्रज्ञ ब्रूस बॅनर चाचणीच्या जागी घुसलेल्या रिक जोन्सला वाचवायला धावतो आणि स्वतः किरणांमध्ये सापडतो. साठ वर्षं आपण ही गोष्ट बॉम्ब बनवणाऱ्याची शोकांतिका म्हणून वाचली. कॅम्प विचारतो, चाचण्या नेहमी ओसाड वाळवंटातच झाल्या का? त्याची शी-हल्क वकील जेनिफर वॉल्टर्स नाही. ती लेजोरी झकारिया आहे, प्रशांत महासागरातल्या एका बेटावरची, जिथे बॅनरचे गॅमा बॉम्ब फुटले आणि लोक पिढ्यानपिढ्या त्याचे परिणाम अंगावर वागवत जगले. यासाठी फार कल्पनाशक्ती लागत नाही. १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेनं मार्शल बेटांवर ६७ अणुचाचण्या केल्या. बिकिनीच्या रहिवाशांना घरं सोडायला लावली. त्या चाचण्या संपून चार वर्षं झाली तेव्हा हल्कचा पहिला अंक बाजारात आला, आणि त्यात किरणांचा बळी ठरला तो बॉम्बचा निर्माता. हे मी त्या अंकाविरुद्ध तक्रार म्हणून म्हणत नाही, मला तो अजूनही आवडतो. पण आता तो वाचताना बॅनरच्या मागे एक मोकळी जागा दिसते, जी आधी दिसत नव्हती. चांगल्या नव्या कॉमिकनं जुन्याचं एवढं केलं तरी पुष्कळ.

पाचवा अंक हॉकआयचा. टोनीचं पार्सल क्लिंट बार्टनकडे जातं आणि क्लिंट ते नाकारतो. त्याला नको असतं हे सगळं. ते साहित्य मिळतं चार्ली रॅम्सीला. चार्ली ओग्लाला लाकोटा या मूळ अमेरिकन समाजातली व्यक्ती, स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांपैकी काहीच न मानणारी. मेकरनं बदललेल्या इतिहासात काय, किंवा न बदललेल्या इतिहासात काय, चार्लीच्या नावानं कुठलंच पार्सल निघणार नव्हतं. आणि तरीही या मालिकेतला हॉकआय चार्लीच आहे. कॅप्टन अमेरिका आणि चार्ली यांची गाठ पडते तेव्हा एकाच्या ढालीवरचे रंग दुसऱ्याच्या समाजाला कसे दिसत आले असतील, हा प्रश्न दोघांच्या मधे उभा असतो. कॅप्टनला ऐकून घ्यावं लागतं, आणि तो ऐकतो.

हा अंक मी फोनवर वाचला, लोकलमध्ये, अंधेरी ते ठाणे व्हाया दादर, आणि वाचून झाल्यावर पहिल्यापासून पुन्हा वाचला. आम्ही इंजिनिअरिंगवाले यादीत नाव येण्यावर वाढलेले लोक आहोत. सीईटीची यादी, मग प्लेसमेंटची शॉर्टलिस्ट. ज्याचं नाव आलं तो त्या लायकीचा होता, असं आम्ही नंतर मागे वळून ठरवतो. चार्लीचं नाव यादीत नव्हतं. यादी करणारे टोनी आणि डूम मनानं चांगले आहेत, तरी त्यांच्या यादीतसुद्धा नव्हतं. मला वाटतं कॅम्पचं म्हणणं हेच आहे: मेकरनं इतिहास चोरला हे खरं, पण तो जसाच्या तसा परत मिळवणं पुरेसं नाही, कारण मूळ इतिहासातही बरीच माणसं वगळलेली होती. आणि हे तो सांगतो १९६३चाच घोळ पुन्हा वापरून. तेव्हा संदेश चुकीच्या पत्त्यावर गेला, आता पार्सल. फरक एवढाच की तेव्हा तो आधीच बलवान असलेल्यांना मिळाला. १९६५च्या जळकुट्या हॉकआयचा खरा वारस क्लिंट बार्टन नव्हे, चार्ली आहे, हे माझं ठाम मत आहे.

आता तक्रार. ही मालिका न्यायाबद्दल जितकी स्पष्ट आहे तितकी सोबतीबद्दल नाही. अंकामागून अंक नवा माणूस, त्याचा इतिहास, त्याच्यावरचा अन्याय, आणि शेवटी तो टीममध्ये. हे ती उत्तम करते. पण टीममध्ये आल्यावर ही माणसं एकमेकांशी काय बोलतात? कोण कुणावर चिडतं? कुणाला कुणाचा विनोद आवडत नाही? याला फार थोडी पानं मिळतात. पात्रं कधीकधी एकमेकांशी बोलण्याऐवजी वाचकाला समजावून सांगतात. मेकर परत यायचे महिने मोजले जातायत, त्यामुळे कुणाला उसंत नाही, हे कारण मला मान्य आहे. तरी जुन्यांकडे बघा. ॲव्हेंजर्सकडे हवेली होती आणि तिथे जार्विस होता. सिनेमात तो कॉम्प्युटर झाला, पण कॉमिक्समध्ये तो हाडामांसाचा बटलर आहे. क्रिस क्लेअरमाँटच्या एक्स-मेनच्या १९७८मधल्या एका अंकात तर सगळे चक्क बेसबॉल खेळतात. कथानकाच्या दृष्टीनं ती पानं काढून टाकली तरी काही बिघडणार नाही. पण पुढे कुणावर संकट आलं की आपल्याला वाईट वाटतं ते त्या पानांमुळे.

माझ्या पहिल्या नोकरीतली टीम एका सकाळी पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर बरखास्त झाली. त्याआधी दोन वर्षं 'आपण सगळे एक फॅमिली' हे आम्ही दर महिन्याला ऐकलं होतं. कंपनीच्या चॅटमधून आम्हाला त्याच दुपारी काढलं. आमच्यातल्या एकीनं संध्याकाळी व्हॉट्सॲपवर ग्रुप केला, तो अजून चालू आहे. त्यात कामाचं कुणी काही बोलत नाही. कोण डब्यातली भाजी न विचारता संपवायचा, यावर अजून भांडणं होतात. कामानं आम्हाला एकत्र आणलं हे खरं, पण आम्ही टिकलो ते जेवणाच्या सुट्टीमुळे. 'अल्टिमेट्स'मधल्या मंडळींना मला तेवढी सुट्टी द्यावीशी वाटते.

तरीही वाचाच. नव्यानं सुरुवात करणार असाल तर माझा सल्ला असा: आधी नव्या मालिकेचा पाचवा अंक, मग १९६५चा सोळावा, आणि मग पहिल्यापासून सगळं. क्रम चुकला तरी हरकत नाही.