दात काढावा की ठेवावा?

वेडेवाकडे दात सरळ करताना एकही दात काढू नये, असा अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांचा आग्रह होता. १९११ साली कॅल्व्हिन केस यांनी त्याला उघड विरोध केला. पुढे सरळ केलेले दात पुन्हा वाकडे झालेले पाहून अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी चार उपदाढा काढून तेच उपचार पुन्हा केले.

१९५४ साली ऑस्ट्रेलियाच्या बेग यांनी तेथील आदिवासींच्या झिजलेल्या दातांचा दाखला देऊन दात काढण्याचे समर्थन केले. हा युक्तिवाद लंगडा आहे. झिजेमुळे जागा होते हे खरे. पण झीज नाही म्हणूनच दाटी होते, हे त्यातून सिद्ध होत नाही. जबडा लहान राहिला तरी दाटी होतेच.

दोन्ही पक्षांची चूक एकच : नियम आधी, मूल नंतर. जागा किती मिलिमीटर कमी आहे, ओठांची ठेवण कशी आहे, कोणता दात आधीच खराब आहे, हे पाहायला हवे. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा परिसरातील भूजलात फ्लोराइड जास्त आढळले आहे. फ्लोराइडने खड्डे पडलेल्या दातावर तारेचे ब्रॅकेट नीट चिकटत नाही. तेथे पुस्तकी नियम कसा पुरेल?

काढलेला निरोगी दात परत येत नाही. म्हणून ‘कोणता दात, का, आणि न काढल्यास काय?’ हे विचारायला शिक्षकांनी पालकांना सांगावे.