एका अपशब्दाचे वजन

बर्नार्ड शॉ यांचे 'पिग्मॅलियन' हे नाटक ११ एप्रिल १९१४ रोजी लंडनच्या रंगभूमीवर आले. तिसऱ्या अंकात एलायझा चहाच्या बैठकीतून निघताना, घोटून घेतलेल्या शुद्ध उच्चारांत, 'ब्लडी' हा शब्द सहज बोलून जाते. मिसेस पॅट्रिक कॅम्बेल यांच्या मुखी तो ऐकून प्रेक्षागृहात हास्याचा कल्लोळ उसळला. आपल्याकडील टीपकार येथे 'ग्राम्य प्रयोग' एवढेच लिहून पुढे सरकतात. ग्राम्य खरा, परंतु कोणाच्या लेखी?

हा शब्द मुळात इतका बदनाम नव्हता. धर्मोपदेशक असलेला स्विफ्ट १७११ च्या सुमारास स्टेलाला लिहिलेल्या पत्रांत उकाड्याचे वर्णन करताना तो निःसंकोच वापरतो. मेरीमातेच्या शपथेचा हा अपभ्रंश, ही व्युत्पत्ती लोकप्रिय असली तरी कोशकारांना मान्य नाही. पुढे तो हलक्या मानलेल्या वर्गाच्या तोंडी रुळला आणि बहुधा तेवढ्यावरूनच सभ्यांना असह्य झाला. १८८७ साली गिल्बर्ट व सलिव्हन यांच्या एका संगीतिकेच्या नावातील 'रडी' या अक्षरांतूनही काहींना रक्ताचा वास आला आणि नावाचे स्पेलिंग बदलावे लागले!

ऑस्ट्रेलियात त्याच शतकात त्याला थट्टेने 'थोर ऑस्ट्रेलियन विशेषण' ही पदवी मिळाली. २००६ साली तेथील पर्यटनखात्याच्या जाहिरातीत तो सलगीच्या आमंत्रणासाठी योजला गेला. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर त्या जाहिरातीस काही काळ मज्जाव झाला. अमेरिकनाला तर त्यात केवळ ब्रिटिशपणाच ऐकू येतो. 'माय फेअर लेडी' या १९६४ च्या अमेरिकन चित्रपटात एलायझा घोड्यांच्या शर्यतीत निराळाच, अधिक उघडा शब्द उच्चारते, हे त्या दृष्टीने सूचक आहे.

शॉचा विनोद शिवीत नाहीच. एलायझाचे उच्चार बदलले, पण कोणता शब्द कोठे उच्चारू नये हे उच्चारशास्त्राच्या धड्यांत नव्हते. ते ज्ञान समाजात वाढल्यानेच येते. हे विद्यार्थ्यास सांगितले नाही, तर प्रवेश निव्वळ पोरकट ठरतो.

भाषांतरकाराची अडचण याहून बिकट आहे. कोशातील 'रक्तरंजित' येथे निरुपयोगी. 'मेला पाऊस थांबतच नाही' यातील 'मेला' व्याकरणदृष्ट्या जवळचा. पण त्यात घरगुती त्रागा आहे, आणि तो ऐकून चहाच्या बैठकीत कोणाच्या हातचा पेला थांबणार नाही. खुद्द 'ब्लडी' तसाच ठेवावा, तर आपल्याकडे तो साहेबाच्या तोंडून, हुकमतीचा दर्प घेऊन आला. फूल विकणाऱ्या मुलीच्या तोंडी तो उसना वाटतो.