तरुण पक्षाघातग्रस्तांची चाळणी-प्रश्नावली : एक भाषिक परीक्षण

पंचेचाळिशीच्या आत पक्षाघात झालेली व्यक्ती पुन्हा चालू-बोलू लागली की ती बरी झाली, असे आप्तेष्ट मानतात. परंतु शरीर सावरले तरी मन सावरतेच असे नाही. एडमंडसन व सहकारी यांनी २०१३ साली नऊ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले. त्यांच्या अनुमानानुसार सुमारे २३ टक्के रुग्णांत पहिल्या वर्षात आघातोत्तर तणाव-विकृतीची लक्षणे आढळतात. वर्षानंतर हे प्रमाण ११ टक्क्यांवर येते. अशा रुग्णांकडून औषधे घेण्यात अधिक हयगय होते, असे न्यूयॉर्कमधील रुग्णांविषयीच्या २०१२ च्या अभ्यासात दिसले. न ओळखलेली भीती दुसऱ्या झटक्याला वाट करून देऊ शकते, हे यावरून ध्यानी यावे.

ही भीती हुडकण्यासाठी ‘पीसीएल-५’ ही प्रश्नावली बरीच रूढ आहे. तीत गेल्या महिन्याविषयीचे २० प्रश्न असून प्रत्येकास ० ते ४ गुण असतात. ८० पैकी ३१ ते ३३ गुणांच्या पुढे सविस्तर तपासणी इष्ट मानतात. प्रश्नावली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या शासकीय विभागाच्या केंद्रात तयार झाली. रणांगण मागे राहिलेल्या माणसाचे चित्र तिच्या रचनेत गृहीत आहे.

तिचे मराठी रूप करताना पहिली अडचण नावातच उद्भवते. पक्षाघात, वाचाघात, मेंदूचा आघात या शब्दांमुळे ‘आघातोत्तर’ म्हणजे केवळ ‘झटक्यानंतरचा’ असा अर्थ होतो आणि मानसिक आघाताची कल्पना पुसली जाते. ‘तणावपूर्ण अनुभव’ हा शब्दप्रयोग तर वृत्तपत्रांतील दंगलीनंतरच्या ‘तणावपूर्ण शांतते’ची आठवण देतो, रुग्ण घरातील भांडण वा कर्ज सांगून मोकळा होईल.

दुसरी अडचण काळाची आहे. प्रश्नावली ‘घडून गेलेल्या’ प्रसंगाविषयी विचारते. ‘अंगावरून वारे गेले’ या मराठी वाक्प्रचारातही वारे गेलेलेच असते. रुग्णाची धास्ती मात्र ते पुन्हा येईल याची. एडमंडसन यांनी २०१४ साली मांडलेल्या उपपत्तीचे मर्म हेच आहे : येथे संकट बाहेर नसून देहातच आहे आणि भविष्याकडे तोंड करून आहे. सैनिक रणभूमी टाळू शकतो. बधिर झालेला स्वतःचा हात कोण कसा टाळणार?

तिसरी अडचण लक्षणांची. निद्रानाश, चिडचिड, एकाग्रतेचा अभाव, प्रसंगातील तपशील न आठवणे ही भीतीची चिन्हे असतील, तशीच मेंदूच्या इजेचीही. केवळ बेरीज हा भेद सांगत नाही. शिवाय वाचाघात झालेला रुग्ण उत्तरच देऊ शकत नाही. त्याच्या वतीने नातेवाईक ‘ठीक आहे’ म्हणतात. ज्याला सांगता येत नाही तोच चाळणीतून निसटतो.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विदर्भाप्रमाणेच मध्य प्रदेश व छत्तीसगडमधूनही रुग्ण येतात. वऱ्हाडी, झाडीबोली, हिंदी, गोंडी अशा भाषा बोलणाऱ्यांपुढे ग्रांथिक भाषांतर ठेवणे पुरेसे नाही. मराठीत मात्र एक नेमका शब्द आधीच उपलब्ध आहे : धसका. ‘त्याने धसका घेतला आहे’ या वाक्यात कारण भूतकाळातले, परिणाम वर्तमानातला आणि रोख पुढे काय होईल याकडे असतो. तिन्ही काळ या एका शब्दात एकत्र येतात. म्हणून ‘झटक्याचा धसका बसला आहे का? पुन्हा येईल असे वाटून रात्री जाग येते का? गोळी हातात घेतली की तो दिवस आठवतो का?’ असे प्रश्न आरंभी विचारावेत. वाचाघातग्रस्तांसाठी चित्रे व होकार-नकाराच्या खुणा वापराव्यात, आणि गोंडी वा हिंदी भाषकांसाठी त्यांच्या बोलीतील समानार्थी शब्द त्यांच्याकडूनच मिळवावा.

अर्थात्, बोलीतला शब्द नैसर्गिक वाटतो एवढ्यावरून तो शास्त्रशुद्ध ठरत नाही. या प्रश्नांची उत्तरे मनोविकारतज्ज्ञाच्या मुलाखतीशी ताडून पाहणे अवश्य आहे. चाळणी ही निदानाची जागा घेत नाही. तथापि जो प्रश्न रुग्णाला समजलाच नाही, त्याचे उत्तर मोजण्यात अर्थ नाही. हे काम वैद्यकाचे जितके, तितकेच भाषाविज्ञानाचेही आहे, आणि नागपुरात या दोन्ही शाखा एकाच शहरात नांदत आहेत.