टाळ, पावली आणि आमची स्थिर पावले

संगीताच्या आणि शरीराच्या हालचालीच्या साहाय्याने मनात साचलेले मोकळे करावे, हरवलेल्या स्वतःची पुन्हा भेट घ्यावी, असे सांगणारी शिबिरे आज पुण्या-मुंबईत पुष्कळ भरतात. आपल्या धर्मग्रामांतील तरुण मुलेमुलीही तेथे जातात. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. ती तेथे का जातात, हे विचारणे तितके सोपे नाही. या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला लोणी काळभोरचा पालखीचा मुक्काम महत्त्वाचा वाटतो.

तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली सुरू केलेला हा पालखी सोहळा पुण्याचा मुक्काम आटोपून हडपसरला येतो. तेथे ज्ञानदेवांची पालखी दिवेघाटाकडे वळते, आणि तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणीला मुक्कामाला येते. दिवसभर चाललेली माणसे संध्याकाळी विसावतील अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात हरिपाठाला ती पुन्हा उभी राहतात. टाळकऱ्यांच्या रांगा समोरासमोर येतात, मृदंगावर थाप पडते, आणि पावली सुरू होते: एक पाऊल पुढे, एक मागे, गुडघा किंचित वाकलेला, टाळ छातीशी. लय वाढते तशी माणसे उसळतात; पण रांग मोडत नाही. विणेकरी मध्ये उभा असतो. शेवटी वय, जात न पाहता माणसे एकमेकांच्या पाया पडतात.

या पावलीचे मूळ अभंगाच्या घडणीतच असावे, असे आमचे मत आहे. मोठ्या अभंगाचे चार चरण. पहिल्या तिहींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चारच. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे यमक जुळते, अपेक्षा वाढते, आणि शेवटचा चरण दोन अक्षरे आधीच थांबतो. त्या रिकाम्या जागेत टाळ वाजतो, पाऊल फिरते, श्वास घेतला जातो. शब्दाने शरीरासाठी मुद्दाम सोडलेली ही जागा आहे. म्हणून वारकऱ्याची भावना नुसती बाहेर सांडत नाही. तिला वाहून न्यायला शब्द असतो आणि त्या शब्दाला पाय असतात.

लोणीहून फार लांब नसलेल्या कोरेगाव पार्कात १९७४ साली रजनीशांचा आश्रम सुरू झाला. त्यांचे ‘सक्रिय ध्यान’ एका तासाचे: दहा मिनिटे वेगवान, अनियमित श्वास, दहा मिनिटे रडणे, ओरडणे, नाचणे, जे येईल ते, दहा मिनिटे ‘हू’ म्हणत उड्या, मग पंधरा मिनिटे निश्चलता आणि पंधरा मिनिटे नृत्य. आजच्या कित्येक शिबिरांवर या कल्पनेची छाया दिसते. दुःख शरीरात मुक्काम करते, नुसत्या उपदेशाने ते निघत नाही, हे त्यांनी ओळखले. आपल्या प्रवचनकारांना ते फारसे जाणवलेले दिसत नाही. तरीही आमचा आक्षेप आहे. तेथे डोळे सर्व वेळ मिटलेले असतात. शेजारी कोण रडते आहे हे पाहायचे नसते. भावनेचा निचरा होतो, पण ती कोणाला उद्देशून नसते. टाळकऱ्याचे डोळे समोरच्या रांगेवर असतात, आणि मुखातील शब्द विठ्ठलाला उद्देशून. स्वतःची भेट त्याला दुसऱ्याच्या समोर घडते.

आता आपल्याकडे वळू. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापले गेले. त्यांनी ओवी घेतली, ही मोठीच दृष्टी. परंतु जात्यावरची ओवी हाताच्या फेऱ्याबरोबर वाढलेली. पुराणाची ओवी बसून ऐकण्याची. पुढे प्रोटेस्टंट पंथात रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन दोन्ही ख्रिस्तचरणी आणले. आमच्या गीतसंग्रहांत मात्र अभंग आला तो बाकावर उभे राहून, हातात पुस्तक धरून म्हणण्यासाठी. पेटीवाला चौथा चरण ताणून सहा अक्षरांइतका करतो, आणि अभंगाने ठेवलेली जागा बुजून जाते! चाली वाईट नाहीत. काही तर फार गोड आहेत. उणीव आहे ती अंगाची. एखाद्या घरी कर्ता मुलगा जातो, आणि अंत्यविधीत बाप दगडासारखा उभा राहतो. आमची गीते त्याला गोड शब्द देतात, हलायला जागा देत नाहीत.

ख्रिस्तसभेची मनाई आहे म्हणावे, तर तसेही नाही. दावीद राजा कराराच्या कोशापुढे नाचला, आणि मीखलने खिडकीतून पाहून त्याचा तिरस्कार केला; पवित्र शास्त्राचा कौल कोणाच्या बाजूने आहे, हे सांगावयास नको. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली स्थानिक संगीतपरंपरांना उपासनेत योग्य स्थान द्यावे असे म्हटले. १९६९ साली भारतासाठी मान्य झालेल्या बारा बाबींत अंजली, पंचांग प्रणाम आणि आरती आहेत. १९८८ साली मान्यता मिळालेल्या झाईरच्या मिस्साविधीत तर लयबद्ध अंगविक्षेपांना स्थान आहे. फादर फ्रान्सिस बार्बोझा यांनी भरतनाट्यमच्या हस्तमुद्रांना ख्रिस्ती आशय दिला. तो गौरवास्पद प्रयत्न. परंतु ते नृत्य रंगमंचावरचे, आणि भाविक पुन्हा प्रेक्षकच. पावलीला प्रेक्षक लागत नाही, शिकवणीही फारशी लागत नाही.

वारीची नक्कल करावी असे आम्ही म्हणत नाही. उसनी पावली नाटकी दिसेल. पण चालण्याची एक प्रार्थना आपल्यापाशी आधीपासूनच आहे. क्रुसाची वाट ही चौदा स्थानांची. चालणे, गुडघे टेकणे, उठणे, पुन्हा चालणे. दोन स्थानांमधले अंतर म्हणजे एका कडव्याची जागा. तेथे अभंगाच्या लयीचे, पावलांना झेपेल असे गीत हवे, आणि आपल्या कवींनी ते लिहायला हवे. सध्या पुष्कळ देवळांत उपवासकाळातल्या शुक्रवारी धर्मगुरू आणि क्रूस धरणारा मुलगा एवढेच पुढे सरकतात. आपण बाकांत उभे राहून माना तेवढ्या वळवत असतो.